ओट्याला नकाशात जागा द्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वास्तुवैभवावर लेख आला. इंदूरला आपला अंक एक दिवस उशिरा पोचतो, पण आम्ही तो शिळा मानत नाही. आमच्या गावाला अर्धं पान मिळालेलं पाहून बरं वाटलं. राजवाडा, लालबाग, माणिकबाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सगळे फोटो देखणे होते. लेखाशी माझं भांडण एवढंच की होळकर कुठे राहत होते ते कळलं, इंदूरकर कुठे राहत होते त्याचा मात्र एका ओळीतही पत्ता लागला नाही. गावातलं बांधकाम म्हणजे राजाचं बांधकाम, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. पर्यटनाच्या पुस्तिकेत तो खपून जातो, वर्तमानपत्रात खटकतो.

माझी सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली, म्हणून बोलायचं धाडस करते. पॉलिटेक्निकला आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तिथून थेट एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रोटरिंगचं पेन, चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या अमोनियाच्या वासात निघणाऱ्या प्रिंटा. पुढे कॉम्प्युटर आला आणि बोटांची शाई गेली. बंगले, डुप्लेक्स, दुकानं, मल्ट्या (इंदुरात फ्लॅटच्या इमारतीला मल्टीच म्हणतात), सगळं काढून झालं. घराच्या नकाशात स्वयंपाकघर कुठे, संडास कुठे यावर मालक तासन् तास वाद घालतात. घर रस्त्याला जिथे लागतं त्या रेघेबद्दल मात्र कुणी एक अक्षर विचारत नाही. माझं पत्र त्या रेघेबद्दल, आणि तिथे दाराबाहेर असायच्या त्या बसायच्या दगडी ओट्याबद्दल आहे.

आधी आपल्या तीन फोटोंकडे येते. हे तिन्ही वाडे बांधल्याच्या क्रमाने गावाच्या नकाशावर ठेवून बघा. मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास सुरू केलेला राजवाडा ऐन बाजारात उभा आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि पुढे झुकलेले सज्जे थेट चौकावर. पुढे लांबलचक हिरवळ नाही, कंपाउंडची भिंत नाही. खिळे ठोकलेला तो अवाढव्य दरवाजा ओलांडला की समोर गर्दी. वरच्या सज्जात बसणाऱ्याला खाली भाजीचा भाव काय चाललाय ते ऐकू येत असणार. लाकडामुळे त्याने आगीही सोसल्या. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं तेव्हा एकदा, आणि १९८४ च्या दंगलीत पुन्हा. त्या दुसऱ्या आगीत दर्शनी भाग उभा राहिला, मागचा जळाला आणि पुढे तो जुन्या नमुन्यावर नव्याने बांधावा लागला. अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरहून केला हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरात आली, तीही याच बाजारातल्या वाड्यात.

मग लालबाग. १८८६ ते १९२१ असं पस्तीसेक वर्षं चाललेलं काम. जागा गावाबाहेर, खान नदीच्या काठाला. भोवती बाग आणि तोंडाशी लोखंडी फाटक, तेही विलायतेत ओतवून आणलेलं, बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावर बेतलेलं. फाटकातून आत शिरलं तरी वाडा लगेच लागत नाही, चालावं लागतं.

आणि तिसरा माणिकबाग. १९३० नंतर तरुण यशवंतराव होळकरांनी एकार्ट म्युथेसिउस या त्यांच्याइतक्याच तरुण जर्मन आर्किटेक्टकडून तो बांधवून घेतला. वातानुकूलित खोल्या, बोटीने परदेशातून आलेली दारं-खिडक्या. त्यातलं बरंचसं फर्निचर १९८० मध्ये माँटे कार्लोला लिलावात गेलं आणि आता तिथे केंद्रीय जीएसटीचं ऑफिस आहे. मला माणिकबाग आवडतो, अगदी मनापासून. एवढी स्वच्छ रेघ हिंदुस्थानात त्या काळी फार थोड्यांनी काढली असेल. पण काच बंद, हवा आतली, आणि बाजार पार लांब.

म्हणजे पावणेदोनशे वर्षांत राजघराणं चौकातून उठून नदीकाठी गेलं आणि तिथून बंद खिडकीआड. राजवाडा बांधणाऱ्याला लोकांनी आपल्याला बघावं असं वाटत होतं. लालबाग बांधणाऱ्याला आपण विलायती दिसावं असं वाटत होतं. माणिकबाग बांधणाऱ्याला कुणी बघूच नये असं वाटत असावं. शेवटचं वाक्य माझा तर्क आहे, पण नकाशा त्याला दुजोरा देतो. आणि राजाने पावणेदोनशे वर्षांत केलं तेच आम्ही प्रजेने पन्नास वर्षांत उरकलं. गल्लीतला वाडा, मग कॉलनीतला बंगला, मग बायपासपलीकडची गेट असलेली टाउनशिप.

आता आमच्या गल्लीबद्दल. राजमोहल्ला, रामबाग, नारायणबाग या भागांत दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांनी घरं केली ती आपल्याकडच्या वाड्याच्याच बेताने: देवडी, मधला चौक, ओसरी, माजघर, मागे परस. पण माळव्याच्या जमिनीने त्यात आपली एक भर घातली. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीत उथळ ठेवला तर तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला चिरा गेल्याच म्हणून समजा. म्हणून गवंडी मुरूम लागेपर्यंत खणत, जोतं चांगलं उंच उचलत, आणि भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी मुरू नये यासाठी बाहेरून दगडी पट्टा बांधत. त्या पट्ट्यावर फरशी टाकली आणि दोन पायऱ्या दिल्या की झाला ओटा. शेजारचे माळवी लोक ओटला म्हणतात. लोकांना वाटतं ओटा गप्पांसाठी बांधला. नाही हो, तो पायाच्या रक्षणासाठी बांधला. गप्पा त्यावर आपोआप येऊन बसल्या.

आमचा ओटा दीड फूट उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद होता. आधी काळा दगड, नंतर वडिलांनी त्यावर कोटा फरशी बसवली. कडेला गवंड्याने गोलाई दिली होती, त्यामुळे बसणाऱ्याच्या मांडीला धार लागत नसे. ही गोलाई मी नंतर कुठल्याही नकाशात पाहिली नाही. ती कागदावर नसायचीच, गवंड्याच्या हातात असायची. सकाळी त्यावर वडिलांचा पेपर आणि दूधवाल्याची बरणी. दहानंतर पुरुषमाणसं गेली की तो बायकांचा: गहू निवडणं, वाटाणे सोलणं, थंडीत पाठीला ऊन घेत विणणं. दुपारी वाळवणाच्या राखणीला एखादी आजी. चार वाजता शाळा सुटली की पोरांचा. संध्याकाळी पुन्हा पुरुष. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण अशा कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघत. त्या रात्री मिरवणुकीच्या रस्त्यावर ज्याच्या ओळखीचा ओटा तो भाग्यवान. मावशीच्या मैत्रिणीच्या नणंदेचा ओटा असला तरी आम्ही हक्काने जाऊन बसत असू. गिरण्या बंद पडल्या, झांक्या अजून निघतात, बसायला ओटे राहिले नाहीत. लोक आता दुभाजकावर उभे राहतात.

ओट्याचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवायची नाही. ओटा सगळ्यांचा नव्हता. झाडणारी बाई वर बसली नाही कधी, खाली उभी राहून भाकरी घेई, आणि आमच्या घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं मला आठवत नाही. ज्याचं जोतं जास्त उंच त्याची ऐट जास्त. नव्या सुना संध्याकाळी ओट्यावर दिसल्या तर सासू खाकरायची. म्हणजे गल्लीत कोण कुठल्या पायरीवर, ते दगडातच बांधून ठेवलेलं होतं. मला तो जुना ओटा त्याच्या उंचीसकट परत नको आहे. बसायची जागा परत हवी आहे.

इंदुरात ओट्याची करामत आजही बघायची असेल तर रात्री साडेनऊनंतर सराफ्यात जा. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं. शटर खाली आलं की त्याच्याच पायरीवर भुट्ट्याच्या किसाची कढई, गराडूचा (हा एक कंद) तवा, जिलबीची परात. सराफांनाही रात्रभर माणसांचा राबता असलेला बराच वाटतो, चोराला वाव मिळत नाही, असं तिथले जुने लोक सांगतात. एकाच चार फुटांवर दिवसा एक धंदा आणि रात्री दुसरा. कुठल्याही आर्किटेक्टने हे काढून दिलं नाही. पण दुकानाचं तोंड थेट रस्त्यावर आणि पायरी बसण्याजोगी, म्हणून जमलं. तीच दुकानं मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवा आणि बघा काय होतं.

इंदूरच्या गल्ल्या नीट वाचणारा पहिला माणूस स्कॉटलंडचा होता हे आपल्या लेखात यायला हवं होतं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. होळकर दरबाराने त्याला बोलावलं तेव्हा गावात प्लेगची धास्ती होती. गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढा, असाच सल्ला त्या काळी इंजिनियर मंडळी देत. गेडिस आधी गल्लोगल्ली पायी हिंडला. १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल छापून आला. सरसकट पाडू नका, सडलेलं एखादं घर काढा, तिथे झाड लावा, छोटं अंगण करा, उरलेलं दुरुस्त करा, असा त्याचा एकूण सूर होता. महागड्या भुयारी गटार योजनेलाही त्याने विरोध केला, त्यामुळे अनेकांच्या भुवया उंचावल्या असणार. पण मला सगळ्यात आवडते ती त्याची दिवाळीची मिरवणूक. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या रस्त्यांवर घरांची सफाई आणि दुरुस्ती सर्वांत जास्त झाली असेल त्या रस्त्यांनी जाईल, असं जाहीर केलं. लोकांनी घरं घासूनपुसून काढली. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस, उंदरांचे पुतळे, सजवलेल्या कचरागाड्या, आणि मानाने चालणारे सफाई कामगार. २०१७ ते २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत इंदूर सलग पहिलं आलं तेव्हा सगळ्यांनी श्रेय वाटून घेतलं, या म्हाताऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. त्याला एक गोष्ट कळली होती. दारासमोरून काहीतरी मानाचं जाणार असेल तर माणूस दार साफ ठेवतो. पण त्यासाठी दार रस्त्यावर उघडावं लागतं.

दार रस्त्यावरून हललं कसं? ही कहाणी रेसिडेन्सीपासून सुरू होते. १८१८ नंतर इंग्रज रेसिडेंट, म्हणजे होळकर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, आला, गावाच्या पूर्वेला त्याची वस्ती झाली. प्लॉट मोठा, घर मधोमध, चारी बाजूंनी मोकळं आणि भोवती कंपाउंड. नोकर, घोडे, माळी असलेल्या साहेबाला ते सोयीचं होतं. पुढे कॉलन्यांचे नियम झाले ते याच बंगल्याच्या साच्यातून. आमच्याकडे त्याला एमओएस म्हणतात, म्हणजे प्लॉटच्या कडेने सोडायची मोकळी जागा. हवा आणि उजेड यावा, आगीचा बंब जावा, हा हेतू रास्तच आहे. पण वीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर साहेबाचा बंगला बसत नाही. पुढे सोडलेल्या चार पावलांवर मालक भिंत आणि फाटक घालतो, आत स्कूटर उभी करतो, आणि घर रस्त्यापासून तुटतं. घराला अंगण मिळत नाही आणि रस्त्यालाही ओटा मिळत नाही.

मल्टीत याच्याही पुढची पायरी. तळमजला खांबांवर मोकळा, गाड्यांसाठी. माणसाची पहिली खिडकी रस्त्यापासून दहा-बारा फुटांवर. आमचा वाडा भावंडांनी मिळून बिल्डरला दिला, त्या जागी मल्टी झाली, तिसऱ्या मजल्यावर मी राहते. तक्रार करायची तर पाण्याची नाही, लिफ्टची नाही. फ्लॅट उजेडाचा आहे, फरशी चांगली आहे, संडासासाठी अंगण ओलांडून जावं लागत नाही. वाड्याच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी तो संडास विसरू नये. पण आमच्या इमारतीच्या रस्त्याकडच्या बाजूला माणसासाठी काय आहे ते मी कागद घेऊन मोजलं. एक सरकतं फाटक, वॉचमनची खुर्ची, मीटरचं कपाट, आणि बाकी गाड्यांची नाकं. भाजीवाली फाटकाशी उभी राहून वर हाक मारते, वरून कुणी ऐकलं तर ऐकलं. जेवणाची पार्सलं आणणारी पोरं दिवसभर उन्हात मोटरसायकलच्या सीटवरच बसतात, कारण गल्लीत बूड टेकायला दुसरी जागाच नाही. शेजारच्या मल्टीतल्या वहिनींना गुडघ्याचा त्रास आहे. संध्याकाळी त्या खाली येतात, पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकतात, आणि कुणाची गाडी आली की खुर्ची उचलून उभ्या राहतात. गेल्या वर्षी कॅमेरे बसवले. आता वॉचमन स्क्रीनकडे बघतो, रस्त्याकडे कुणीच बघत नाही.

बांधकाम सुरू होतं तेव्हा मी आमच्या तरुण बिल्डरला म्हटलं होतं, पुढच्या बाजूला बसायला एक कट्टा दे. तो हसून म्हणाला, “आंटीजी, ओटले का पैसा कौन देगा?” मुलगा वाईट नव्हता. त्याच्या हिशेबात चौरस फूट विकता येतो, बसणं विकता येत नाही.

पण हा हिशेब इंदुरातच एकाने वेगळा मांडून दाखवला आहे. गावाच्या ईशान्येला, विजयनगरच्या बाजूला अरण्य वसाहत आहे, इंदूर विकास प्राधिकरणाची ७८ नंबरची योजना. पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या दशकात तिची आखणी केली. सुमारे ८६ हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, त्यातले बहुतेक गरिबांसाठी, सगळ्यात लहान प्लॉट जेमतेम ३५ चौरस मीटरचा. दोशींच्या माणसांनी आधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांची मोजमापं घेतली. लोक बाहेर कुठे बसतात, झाडाखाली काय करतात, दारात दुकान कसं मांडतात, हे सगळं टिपलं. मग गरिबाला आख्खं घर बांधून द्यायच्या फंदात ते पडले नाहीत. जोतं, संडास-न्हाणी, पाण्याची आणि विजेची सोय, ऐपतीप्रमाणे एखादी खोली. बाकी तुम्ही हाताला पैसा येईल तसं वाढवा. मोठ्या रस्त्यालगतचे प्लॉट बऱ्या पैशाने विकून आतल्या गरिबाचा भार हलका करायचा. कसं वाढवावं ते दाखवायला ८० नमुना घरं बांधली. १९९५ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतलाच प्रिट्झकर.

ती नमुना घरं नवी होती तेव्हा आमच्या ऑफिसातले आम्ही सगळे बघायला गेलो होतो. साहेब विटांचं काम बघत होते. माझी नजर जिन्यावर गेली. जिना घराच्या बाहेरून, रस्त्याच्या बाजूने वर चढलेला, आणि त्याच्या खाली ओटा. बाहेरच्या जिन्याने काय होतं ते नकाशा काढणाऱ्याला लगेच कळतं. वर एक खोली चढवली की ती भाड्याने देता येते, भाडेकरूला तुमच्या स्वयंपाकघरातून जावं लागत नाही. म्हणजे जिन्याची जागा बदलल्याने एका गरीब घराला महिन्याची मिळकत झाली. शिवाय जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पोरं अभ्यासाला बसतात, ओट्यावर बाई शिलाईचं मशीन मांडते, आणि त्या मशीनचा आवाज ऐकून गिऱ्हाईक येतं. कुठलाही ओटा दुसऱ्यापेक्षा उंच नव्हता, कारण जोतं एकाच मापाचं घालून दिलेलं. वर मी गल्लीतल्या पायऱ्यांबद्दल लिहिलं त्यावर याहून सरळ उतारा मला माहीत नाही.

आज अरण्य तसं राहिलेलं नाही, हेही सांगते. बऱ्याच मूळ लोकांनी प्लॉट विकले, घरं तीन-तीन मजले चढली, काही जिन्यांना जाळ्या लागल्या, काही ओट्यांना शटर लागून दुकानं झाली. टीका करणारे याकडे बोट दाखवतात. मला ते अपयश वाटत नाही. वाढवा म्हणून दिलेलं घर लोकांनी वाढवलं. आणि संध्याकाळी तिथे फिरलात तर आतल्या गल्ल्यांत माणसं अजून दारात बसलेली दिसतील, संगमरवरी तुकडे लावलेल्या ओट्यांवर का होईना. आमच्या श्रीमंत टाउनशिपांत त्याच वेळी दिसतात ते फक्त ट्रॅकसूट घालून फेऱ्या मारणारे लोक.

आता मागणी. मध्य प्रदेशात बांधकामाला २०१२ चे भूमी विकास नियम लागू आहेत आणि त्यांत बदल होत असतात. त्यात एवढंच घाला. जुन्या वस्तीत वाडा पाडून इमारत उभी राहत असेल तर रस्त्याकडच्या बाजूला, प्लॉटच्या हद्दीच्या आत, एक बसण्याजोगा ओटा सक्तीचा. उंची दीड फूट, रुंदी दोन फूट, वर सावली, आणि तो कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला. एमओएसमध्ये तो चालावा आणि एफएआरमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबात, धरू नये. जागेचं म्हणाल तर एका गाडीला अडीच बाय पाच मीटर लागतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तेवढ्याच अडीच मीटर लांबीचा ओटा दीड चौरस मीटरमध्ये बसतो. एका गाडीच्या आठव्या हिश्शाइतकीही जागा नाही. शिवाय तळमजला पूर्ण गाड्यांना न देता रस्त्याकडची निदान एक खोली माणसाच्या वापराची असावी: वॉचमनचं घर, शिंप्याचं दुकान, पाळणाघर, काहीही, पण खिडकी रस्त्यावर उघडणारी.

यावर दोन आक्षेप येणार. पहिला, ओटे म्हणजे अतिक्रमण. नालीवर चढवलेले ओटे काढलेच पाहिजेत, पाणी तुंबतं आणि नाली साफ करता येत नाही. मी प्लॉटच्या आतल्या ओट्याबद्दल बोलते आहे. दुसरा, रिकामटेकडी पोरं येऊन बसतील. बसू देत की. ती आत्ताही येतात, कोपऱ्यावरच्या बंद दुकानापाशी अंधारात उभी असतात. दिव्याखाली बसली तर कुणाचा कोण ते तरी कळेल, आणि समोरच्या खिडकीतून कुणी काकू नाव घेऊन हाक मारू शकेल.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या पुरवणीत बडोदा, ग्वाल्हेर, इंदूरवर पुन्हा लेख करणार असाल तर राजवाड्यांबरोबर चार साधी घरंही छापा, आणि शक्य झाल्यास समोरून न घेता रस्त्याच्या कडेने फोटो घ्या, म्हणजे घर रस्त्याला कसं लागतं ते दिसेल. सोबत आमच्या जुन्या ओट्याचा छेद काढून पाठवते आहे, मुरुमाच्या थरापासून कोटा फरशीपर्यंत, मापांसकट. रेघा छपाईत बारीक पडतील असं वाटलं तर कळवा, दुप्पट मापात काढून देईन. हात अजून स्थिर आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त नकाशाकार
राजमोहल्ला, इंदूर